शिशाचे वेढे

"हा जड असायला हवा. मोठे मासे तळाशी असतात," असं म्हणत मला बघायला आलेल्या ओजसने गळाच्या इवल्याशा दांडीवर शिशाच्या तारेचे आणखी वेढे घातले. खऱ्या माशांना भुलवायचा, पिसांचा तो खोटा मासा खरं तर मी बांधत होते. त्याने तो न विचारता हातात घेतला होता. कॉलेजपासून मासेमारी करतो म्हणे. दांडी दिसेनाशी झाली होती, दोरा ढिला होता आणि पिसं अशी पिळली होती, की कोंबड्यालाही लाज वाटावी.

बाबा मात्र खूश होते. "यालाही नाही म्हणालीस, तर पुढची स्थळं तुझी तू बघ," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

मी बादली पुढे ओढली. "सोडा पाण्यात."

मासा थेट तळाशी गेला आणि पडून राहिला. मी त्याला बांधलेली दोरी हलवली, तरी शेपटीचं एक पीस हललं नाही.

"याला मासा नाही, खिळा म्हणतात," मी म्हणाले.

"नदीचं पाणी वेगळं असतं गं," बाबा घाईने म्हणाले.

आता हाही नदीलाच दोष देणार, असं मला वाटलं.

"नाही हो काका," बादलीत बघत ओजस म्हणाला. "म्हणूनच माझा गळ कायम दगडात अडकतो. खरं सांगू? अजून मला एकही मासा लागलेला नाही."

बाबांनी कपाळाला हात लावला. ओजसने तार उलगडली आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवली. "किती वेढे घालायचे, सांगा."

"आई," मी आत हाक मारली, "हे जेवायला थांबतायत."