गाडीवरची ताडपत्री

कुणाला विचारून करायची रीतच नव्हती सुनेला. थर्झाबाई शेतावर गेल्या तशी लुसिंडानं गाडीवरची ताडपत्री कापली, शिवली आणि घराच्या छताखाली ताणून बांधली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी सुटली, तरी केंटकीतल्या गोऱ्यांनी थर्झाबाईंची झोपडी जाळली होती आणि सगळं घर याच गाडीतून पळालं होतं. म्हणून कॅन्ससच्या माळावरही त्यांनी ती ताडपत्री जिवापाड जपली होती. "पुन्हा पळायची वेळ आली तर पोरांना उघड्या गाडीतून नेशील, महाराणी?" शेतावरून परतताच त्या कडाडल्या. "ढेकळांचं छत आहे, आई. रोज जेवणात माती गळते," लुसिंडा म्हणाली. "आणि मला नाही पळायचं आता." तिनं मक्याच्या कण्यांचा वाडगा पुढं केला. थर्झाबाई सवयीप्रमाणे चमच्यानं माती काढायला गेल्या, तर मातीच नव्हती. वाडगा चाटूनपुसून त्यांनी वर पाहिलं. "टाके वाकडे आलेत, सूनबाई. उद्या उसवून नीट घाल. आपल्याला जन्म काढायचाय इथं."