रांगेचा डोळस

चिठ्ठी उघडून अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, "या वर्षीचा डोळस, आपला कप्तान!"

सभागृहात टाळ्या पडल्या. टाळीसाठी उचललेले कप्तानाचे हात तसेच राहिले.

तो शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला कप्तान म्हणायची, आणि मुलांचं ऐकून बंधुसभा या सेवामंडळातले सगळेही तेच म्हणू लागले होते. तो हसत हसत उठला. नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

वार्षिक मेळाव्याची ही रीत जुनी होती. चाळीस बंधू डोळ्यांवर काळी पट्टी बांधत, प्रत्येकजण पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवी, आणि ही रांग सभागृहातून निघून, बोळातून, सात पायऱ्या उतरून अंगणातल्या नेत्रशिबिरात पोचे. ज्यांना आपण चष्मे देतो, ज्यांची ऑपरेशनं करून देतो, त्यांची वाट वर्षातून एकदा तरी आपल्या पायांना कळावी म्हणून. वाटेत अवाक्षर बोलायचं नाही. कंदील घेऊन पुढे चालणारा तेवढा उघड्या डोळ्यांचा. तो डोळस.

"कप्तान, गाडी जरा बेताने रे," पट्टी बांधता बांधता बेकरीवाला ओरडला. "मागे सगळा नाजूक माल आहे!"

"तू उतरलास तर गाडी निम्मी हलकी होईल," मास्तर म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

मास्तर कप्तानाच्या लगेच मागे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पट्टी घट्ट करून घेतली, आणि त्यांचा हलका, कोरडा हात कप्तानाच्या खांद्यावर येऊन बसला. त्यांची नात बसमध्ये पहिल्या बाकावर बसायची. अगदी त्याच्या पाठीशी.

पडदे ओढले गेले. दिवे मालवले. कोणीतरी त्याच्या हातात कंदील दिला.

कप्तानाला कंदील दिसला. त्यापलीकडे काहीच दिसेना.

दिवसाउजेडी त्याचं निभून जायचं. रस्ता दिसायचा, पुढची गाडी दिसायची. कडा तेवढ्या विझल्या होत्या. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाचा डावा खांब त्याला दिसलाच नाही. बस घासत गेली, तशी मुलं आनंदाने ओरडली, "कप्तान, परत एकदा!" ते ओरडणं त्याच्या कानातून अजून जात नव्हतं.

त्याने पाऊल टाकलं. गुडघा खुर्चीवर आपटला. खुर्ची करकरली. मागे चाळीस जोड पाय निमूटपणे थांबले. कुणाला शंका आली असेल असं त्याला वाटलं नाही. त्याने कंदील दोन्ही हातांनी धरला.

"सरळ. चौदा पावलं," कानाशी कुजबुज आली.

"मास्तर, बोलायचं नसतं..."

"बावीस वर्षं ही वाट मी पट्टी बांधून चालतोय. मला पाठ आहे. चल."

तो चालला. बारा, तेरा, चौदा. "आता डावीकडे. कोपर भिंतीला लागू दे." कोपराला गार भिंत लागली. अंधाऱ्या बोळात श्वासांचा आणि सरकत्या पायांचा आवाज होता. यातला एक जरी पाय निसटला, तर सगळेच एकमेकांवर कोसळतील. त्याची मान घामाने भिजली.

"थांब. पायरी. बोटांनी चाचप. एक."

दोन. तीन. चार. पाचव्या पायरीला त्याचं पाऊल हवेतच राहिलं. खाली काही आहे की नाही, कळेना. खांद्यावरची बोटं एकदम रुतली. "आहे. टाक."

त्याने टाकलं. पायरी होती.

अंगणात ऊन होतं. पट्ट्या सुटल्या, पाठीवर थापा पडल्या. "झक्कास चालवलीस गाडी!" बेकरीवाला म्हणाला आणि पाणी प्यायला पळाला. मास्तरांनीही पट्टी सोडली. हात मात्र काढला नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" कप्तानाने खालच्या आवाजात विचारलं.

"खुर्चीला धडकलास तेव्हा. फळा न दिसणारं पोर कधी सांगत नाही बाबा. शेजारच्याच्या वहीत बघून बरोबर उतरवतं. अशी किती पोरं मी पुढच्या बाकावर आणून बसवली."

"बस गेली तर मी करू काय, मास्तर? घरी काय सांगू?"

"ते आपण दोघं बसून बघू. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखाच शांत होता. "उद्या साडेसातला माझी नात दप्तर घेऊन कोपऱ्यावर उभी राहील. बसवू तिला?"

कप्तान शिबिराकडे चालू लागला.

शिबिराच्या तोंडाशी नावनोंदणीचं टेबल होतं. दरवर्षी याच दिवशी तो बस भरभरून माणसं आणायचा, एकेकाला हाताला धरून याच टेबलापाशी उभं करायचा. नर्स त्याला आवाजावरूनच नव्हे, पावलांवरूनही ओळखायची. तिने लिहिता लिहिता, मान वर न करताच विचारलं, "आलात का दादा? यंदा कोणाला आणलंत?"

कप्तानाने खिशातून बसची किल्ली काढली आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

टेबलाची कड चुकून किल्ली फरशीवर पडली, वाजली.

तेव्हा कुठे नर्सने मान वर केली.