चर कुठवर शिंपायची

आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं काखेत धरून ग्यानोबा हरभऱ्यातून चालला होता. आज येळवस, रानातल्या पूजेची अमावास्या. आंबिलीत डहाळी बुडवायची, पिकावर शिंपायची, तोंडानं 'ओलगे, ओलगे' म्हणायचं आणि आपला बांध आला की गुमान मागं फिरायचं. अशी चर शिंपली की रान वर्षभर घराला उपाशी ठेवत नाही.

धुकं लई होतं. पिकाचे तास सरळ पुढं जात होते, म्हातारा त्यांच्या मागं. बांध काही येईना.

येणार कुठून? सोयाबीनच्या सुगीतच तो गेला होता. एरवी बारक्या पट्ट्यात कापणीला रीपर, मळणीला मळणीयंत्र, असं भागायचं. यंदा पोरांच्या डोळ्यांत हार्वेस्टर भरला. एकाच फेरीत कापून, मळून दाणे टाकीत घेणारं धूड ते! ड्रायव्हर म्हणाला, "इतक्या अरुंद रानात मशीन वळत न्हाई." मग दोन्ही घरच्या पोरांनी मधला बांधच सपाट केला. ज्या बांधापायी ग्यानोबा आणि त्याचा धाकटा भाऊ वैजनाथ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तोच बांध. सणाच्या नादात म्हातारा हे पार विसरला होता.

विहिरीचा कठडा हाताला लागला तसा तो थबकला. विहीर वैजनाथची.

कठड्यावर वैजनाथच बसला होता, एकटा. बायको गेल्यावरची ही पहिलीच येळवस. त्याच्या रानात ना पूजेची कडब्याची कोपी, ना आंबील. यंदा त्याचं रान कोरडंच राहणार होतं.

"बांध दिसला न्हाई," ग्यानोबा चोरासारखा पुटपुटला.

"मी मघापासून तुझं 'ओलगे' ऐकायलोय, आण्णा. वाटलं, आता वळशील, मग वळशील."

"मग हाक मारायची न्हाई व्हय?"

"हाक मारली असती तर वळला असतास."

 

वैजनाथ उठला. भावाच्या काखेतलं बिंदगं त्यानं काढून घेतलं. "आण इकडं. परतीची चर मी शिंपतो."

तो पुढं निघाला आणि धुक्यात दिसेनासा झाला. 'ओलगे, ओलगे' तेवढं ऐकू येत राहिलं. कुणाच्या रानातून, ते ग्यानोबाला कळत नव्हतं.