अकरावा पुरावा

पाच वाजता नाव द्यायचं होतं. साडेचार झाले होते आणि तपासनीस बाईंची बोटं गार पडली होती.

"आपल्या मालिकेच्या शेवटच्या भागात सेनापती राजकन्येशी लग्न करणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलंय," दुपारी साहेब म्हणाले होते. "आणि इकडे निम्म्या प्रेक्षकांनी त्याचं कंदीलवालीशी जुळवून टाकलंय! मागे कंदील पुसत उभी असते ती! कुणीतरी चित्रांत चावटपणा करतंय. कोण ते पाचच्या आत सांगा. उद्यापासून तो इथे दिसणार नाही. आणि नाव मिळालं नाही तर प्रत्येक पाकिटावर सही तुमची आहे, एवढं लक्षात ठेवा."

या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टून मालिकांच्या, स्टुडिओत चित्रं अजून कागदावरच काढत. एकेका प्रसंगाचं एकेक पाकीट. वर काढणाऱ्याचं नाव, खाली बाईंची सही. पंधरा वर्षं बाई डोळ्यांत तेल घालून तपासत आल्या होत्या. अंगरख्याला बटणं सातच आहेत ना, तलवार डावीकडेच आहे ना. कोण कुणाकडे बघतंय, हे तपासायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोनवर चाहत्यांची चर्चा उघडली. खरं तर गेले दोन महिने त्या ती चोरून वाचत होत्या आणि मनातून कंदीलवालीच्या बाजूने होत्या. पण हे साहेबांना कोण सांगणार?

'भिंगवाली' नावाच्या कुणा मुलीने पुरावे मांडले होते. भाग, मिनिट, सेकंद, सगळं चोख.

"पुरावा पहिला. बोलतेय राजकन्या, सेनापती बघतोय कंदीलवालीकडे."

"डोळ्यात कचरा गेला असेल," राजकन्येच्या पक्षातल्या 'वकिला'ने लिहिलं होतं.

"पुरावा पाचवा. ती स्टुलावर चढली की तो बोलता बोलता थांबतो. ती उतरली की पुढचं वाक्य."

"सैनिक आहे तो. सावध असतो."

"स्टुलापासून?"

"जिला अख्ख्या मालिकेत एक वाक्य नाही, तिच्याशी कसलं डोंबलाचं प्रेम?"

"पुरावा अकरावा," भिंगवालीने त्याला न जुमानता लिहिलं होतं. "कंदिलाला हात लावण्याआधी ती दर वेळी डाव्या हाताच्या बोटांवर फुंकर मारते. गोष्टीत याचा काहीही उपयोग नाही. मग काढणाऱ्याला हे सुचलं कुठून?"



बाईंनी अकराही पुराव्यांचे भाग-मिनिटांचे आकडे कागदावर उतरवले. स्टुलावर चढून कपाटातली त्या प्रसंगांची पाकिटं काढली. पहिल्यावर नाव होतं खोडरबरचं. दुसऱ्यावरही त्याचंच. अकराव्यापर्यंत तेच नाव.

काढतो कमी नि खोडतो जास्त, म्हणून सगळे त्याला खोडरबर म्हणत. दोन टेबलं सोडून पुढे, बाईंकडे पाठ करून बसायचा. सहा वर्षांत "झालंय, बघून घ्या" यापलीकडे तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पण काम असं, की त्याचा एकही कागद बाईंना कधी परत पाठवावा लागला नव्हता. पन्नाशीला टेकला होता. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? आणि बाईंना तरी कोण घेणार होतं?

त्यांनी चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं. लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. निदान त्याला आधी सांगावं, पाठीमागून वार नको, असं म्हणून त्या उठल्या.

खोडरबर जागेवर नव्हता. कागद द्यायला खालच्या मजल्यावर गेला होता. पाच वाजायला सात मिनिटं होती. बाईंनी वाट बघायचं ठरवलं. त्या त्याच्याच खुर्चीत टेकल्या.

टेबलावर पेन्सिली, रबराचा भुगा आणि गोल आरसा. आरसा इथे प्रत्येकाकडे असे. चेहरा रागाचा काढायचा तर आधी स्वतः रागवायचं, आरशात बघायचं आणि काढायचं. खोडरबर मात्र आरशासमोर कधी तोंड वेडंवाकडं करताना दिसला नव्हता. त्यावरून सगळी खोली त्याला चिडवायची. एकदा बाईंनीही चिडवलं होतं.

त्यांनी आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा त्यात नव्हता. आरसा जरा तिरका ठेवलेला होता. त्यात मागचा दिवा दिसत होता, उघडं कपाट, कपाटापाशी स्टूल आणि बाईंची रिकामी खुर्ची.

बाई बघतच राहिल्या. काही न सुचून त्यांनी आरसा हातात घ्यायचा म्हणून हात पुढे केला आणि त्याआधी, पंधरा वर्षांच्या सवयीने, डाव्या हाताच्या गार बोटांवर फुंकर मारली.

हात तिथेच थांबला.

आधी त्या घाबरल्या. मग रागावल्या. सहा वर्षं! माणसाने एकदा तरी तोंडाने बोलावं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी आरसा उचलून हातात घेतला.

"सापडलं का नाव?" साहेब दारात उभे होते.

बाईंनी चिठ्ठी मुठीत चुरगळली.

"काढणाऱ्याचं काय घेऊन बसलात, साहेब? बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. माझं नाव लिहा."

"उद्या सकाळी मला भेटा," एवढंच म्हणून साहेब गेले. उद्या काय होणार हे बाईंना ठाऊक होतं. जिन्यावर खोडरबरची पावलं वाजली.

बाईंनी आरसा पदराने पुसला, होता तसाच तिरका ठेवला आणि त्यात दिसणाऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या.