चुलीची इज्जत

घरोघरी आगपेटी पोचली नव्हती तेव्हाची गोष्ट. मेडशीची आजी अंथरुणाला खिळली, म्हणून बापूराव आणि जिजाबाई ऐन वैशाखात महिनाभरासाठी तिकडे निघाले. कारंज्याजवळच्या मळ्यातलं घर पंधरा वर्षांच्या चंपतवर सोपवताना माय एवढंच म्हणाली, "चुलीतला इस्तो इझू देऊ नको, लेकरा. इस्तो मागाले शेजारच्या हौसाकाकीच्या दारी गेला, तं घराची इज्जत जाईन."

चंपतनं ते फारच मनावर घेतलं. निखारा राखेखाली झाकून ठेवायचा असतो, हे काही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं रात्रंदिवस जाळच चालू ठेवला. गोवऱ्या आठ दिवसांत संपल्या, मग पऱ्हाट्या संपल्या, मग बाज गेली, पाट गेले, मुसळ गेलं आणि शेवटी दारंही गेली.

महिन्यानं परतलेल्या बापूरावांनी बिनदाराचं घर पाहून कपाळावर हात मारला. आत चूल मात्र ढणढण पेटलेली होती. जिजाबाईचे डोळे भरून आले.

"माह्या लेकरा! महिनाभर एकट्यानं सैपाक केला तुनं?"

 

"सैपाक मले कुठं येते, माय? जेवाले तं मी दोनी वक्त हौसाकाकीच्या घरी जातो."