बचावकार्य

पुण्याहून आलेला पाहुणा ओहोटीच्या ओढीत सापडला आणि किनाऱ्यावर त्याच्या बायकोने हंबरडा फोडला, तेव्हा सर्वेशची छाती फुगली. पर्यटकांना समुद्रात फिरवणारा त्या किनाऱ्यावर तो एकटाच होता. त्याने वडिलांना हाक मारली. दोघांनी होडी कमरेएवढ्या पाण्यात लोटली आणि आत उड्या मारल्या.

होडीच्या मागची जुनी मोटर वर उचलून ठेवलेली होती. तिला वर अडकवून ठेवणारा खटका खाऱ्या पाण्याने गंजला होता, तो काही केल्या सुटेना. पंखा हवेत आणि होडी जागच्या जागी.

"अरे, आधी मोटर जरा आणखी वर उचल, मग खटका सुटेल," आप्पा म्हणाले.

"मला शिकवू नका, आप्पा. कालच तेल सोडलंय त्यात." सर्वेश मोटरीवर चढून बसला आणि तिला खाली दाबू लागला. दाबेल तसा खटका अधिकच आवळत गेला.

"मग वल्हं तरी मार, मेल्या! माणूस बुडतोय तिकडे!"

"मोटर असताना वल्हं मारू? अख्खी गर्दी मोबाईल धरून उभी आहे, दिसत नाही तुम्हाला?"

सर्वेशने केस नीट केले आणि मोटरीला एक लाथ हाणली. तेवढ्यात होडीची कड कुणीतरी मागून घट्ट पकडली.



पोहत आलेल्या पाहुण्याने नाकातोंडातलं पाणी पुसत, धापा टाकत विचारलं, "दादा, तुम्ही अडकलात का? मदतीला कुणाला बोलावू?"