पितळी नट

वाळवंटातल्या आम्हा चौघा मित्रांच्या बाइक ट्रिपचा शेवटचा दिवस होता. रोज सकाळी मेकॅनिक मित्र हातमोज्यात चार नट घालून आणायचा. तीन लोखंडी, एक पितळी, असं तोच सांगायचा. ज्याच्या हाती पितळी येईल त्याची गाडी पुढे, बाकीच्यांनी त्याच्या चाकाच्या खुणेवरून मागे यायचं. मी वयाने मोठा, म्हणून पहिला हात माझा.

गेले सहाही दिवस पितळी मलाच आला.

"नशीबवान आहेस बाबा," आमच्यातला मास्तर म्हणायचा, आणि वकील मित्र तोंड फिरवायचा. नशीब कसलं? मऊ वाळूत पहिला रुतणार मी, आपटणार मी, आणि हे तिघं माझी फजिती बघून शहाण्यासारखे बाजूने निघून जाणार. संध्याकाळी मी तंबूत शिरलो की यांची कुजबुज बंद पडायची. एवढ्या कोरड्या वाळवंटातही कुठेतरी पाणी मुरत होतं.

आज सातव्यांदा पितळी नट हाती आला, तसा मी हातमोजा हिसकावून सीटवर उपडा केला. उरलेले तिन्ही नट पितळी होते.

"बळीचा बकरा करायला मीच सापडलो का रे?"

तिघंही बोलायला गेले, पण आठवडाभर माझ्या मागे खाल्लेल्या धुळीने तिघांनाही खोकल्याची उबळ आली.

 

माझा दम्याचा पंप मात्र सहा दिवसांत एकदाही खिशातून बाहेर निघाला नव्हता.